कार्डाबाहेरचा माणूस

फोटो स्क्रीनवर उघडला आणि संचिताचा माउसवरचा हात थांबला. हा तर धनेश. रविवारी हाच मुलगा आईवडिलांसोबत तिच्या घरी येऊन कांदेपोहे खाऊन गेला होता. आज बुधवार. मुलाकडून होकार आलाच होता; संध्याकाळी सहापर्यंत तिचा होकार की नकार ते कळवायचं होतं, आणि साडेचार वाजून गेले होते.

"वाढदिवसाचा बॅनर पाहिजे, ताई," काउंटरपलीकडून सूरज म्हणाला. सोबत गणू होता. दोघं धनेशचे मित्र, मोहन्यात त्याच्याच गल्लीत राहणारे. ही ताई कोण, याचा दोघांनाही पत्ता नव्हता. "मोठा करा. नाक्यावर लावायचाय."

सकाळपासून संचिताचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आईचे तीन फोन येऊन गेले होते आणि तिने एकही उचलला नव्हता. उचलून सांगणार काय? घरात रविवारपासून एकच जप चालला होता, मुलाची पर्सनॅलिटी चांगली आहे. आईच्या लेखी पर्सनॅलिटी म्हणजे उंची. मामाच्या लेखी ठाण्यातली सरकारी नोकरी. शेजारच्या काकूंच्या लेखी डोक्यावरचे दाट केस. खुद्द धनेश पाऊण तासात दोन वाक्यं बोलला होता, त्यातलं एक 'साखर नको' हे होतं. बायोडेटात त्याचा स्वभाव तीन शब्दांत आटोपला होता: मनमिळाऊ, हसतमुख, निर्व्यसनी. एवढ्यावर जन्माची गाठ बांधायची? हो म्हणावं तर धाकधूक, नाही म्हणावं तर कारण सापडत नव्हतं.

शब्दांवरचा तिचा विश्वास तसाही उडालेलाच होता. दिवसभर ती शब्दच तर विकत होती. शहाड स्टेशनजवळच्या या फ्लेक्सच्या दुकानात मालक नयनशेठनी गिऱ्हाइकांसाठी एक लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलं होतं. त्यावर बारा व्यक्तिमत्त्वं, नंबर घालून. एक, दिलदार. दोन, रुबाबदार. तीन, अभ्यासू. चार, निगर्वी. असं खाली बारापर्यंत. गिऱ्हाईक नंबर सांगायचं, ती टाइप करायची. निगर्वी ज्यांना हवं असायचं ते तो शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत करून घ्यायचे. चार वर्षांत कोणालाही कार्ड अपुरं पडलं नव्हतं.

तिने कार्ड पुढे सरकवलं. "नंबर सांगा." आवाज नेहमीचा ठेवायला तिला जरा कष्ट पडले.

"एक टाका," सूरज म्हणाला.

"दिलदार?" गणू खो खो हसला. "धन्या? कटिंग प्यायलो तरी अर्धे अर्धे पैसे काढायला लावतो तो."

"मग दोन."

"रुबाबदार म्हणे. इस्त्रीचा शर्ट कधी घातलेला त्याने?"

रविवारी घातला होता, संचिताला आठवलं. दोघांची बोटं कार्डावरून खाली बारापर्यंत गेली, पुन्हा वर आली. जरा वाद झाला. शेवटी सूरजने कार्ड तिच्याकडे ढकललं. "यातलं काहीच बसत नाय त्याला."

गिऱ्हाइकाला संचिता कधी प्रश्न विचारत नसे. नसत्या चौकशा कशाला करा? पण आज राहवलं नाही.

"मग आहे तरी कसा?"

"चिडका," गणू म्हणाला. "कॅरममध्ये हरला की बोर्ड उचलून सरळ घरी. बोर्ड त्याचाच आहे ना. आणि दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा घेऊन पहिला तोच हजर."

"चारचौघांत तोंड उघडत नाय," सूरज म्हणाला. "पण गेल्या वर्षी माझी आजी लिफ्टमध्ये अडकलेली. एकटीच. लाइट गेलेली, मेकॅनिक ट्रॅफिकमध्ये. आम्ही बाहेरून ओरडतोय, आजी घाबरू नको, घाबरू नको. ती अजूनच रडायला लागली. हा आला, लिफ्टच्या दाराला टेकून बसला आणि विचारतो काय, आजी, भरली वांगी कशी करतात? तासभर, ताई. वांगी झाली, वालाचं बिरडं झालं. शेवटी आजी आतून त्यालाच ओरडत होती, खोबरं आधी भाजायचं रे, मूर्खा."

"आणि याला साधा चहा येत नाय," गणूने पुस्ती जोडली.

संचिता हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, म्हणून तिने मान स्क्रीनमध्ये घातली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला तो माणूस दिसला होता, आणि तो तिला आवडला होता. पण आता तिला एक वेगळीच भीती वाटू लागली, आणि ही भीती त्याच्याबद्दलची नव्हती.

तिने फोटोखाली नाव टाकलं, शुभेच्छा टाकल्या. वरची व्यक्तिमत्त्वाची ओळ काढून टाकली आणि फोटो मोठा केला. पोरांना ते पटलं. सात वाजता न्यायला येतो असं सांगून दोघं निघून गेले. तेवढ्यात फोन वाजला. या वेळी तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"अगं, किती फोन करायचे?" आई वैतागली होती. "त्यांना काय सांगू? हो ना?"

"आई, माझ्या बायोडेटात 'शांत, समजूतदार' आहे ना, ते खोटं आहे, मीच टाइप केलेलं," संचिता म्हणाली. "त्यांना सांग, मुलगी भांडखोर आहे, रागावली की दोन दोन दिवस बोलत नाही. हे ऐकूनही त्याचा होकार राहिला, तर माझा हो आहे."