मासा मजेत आहे

परिषदेला निघालेली सूनबाई दारातून मागे वळून म्हणाली, “बाबा, टाकीतला मासा तेवढा सांभाळा. माझी अख्खी पीएचडी त्याच्यावर आहे.” तिची लिफ्ट खाली पोचायच्या आत सासऱ्यांनी टाकीत डोकावलं. मासा तळाच्या चिखलात आडवा, अर्धा रुतलेला, साफ मेलेला.

त्यांनी तो डब्यात घातला आणि शोभेच्या माशांचं दुकान गाठलं. “अगदी अस्साच द्या. फक्त जिवंत.”

दुकानदाराने नाक दाबलं. “हा कधी गेला, काका?”

“आत्ताच.”

“आत्ताच? वास तर महिन्याभराचा येतोय.”

“आमच्या घरात उकाडा फार,” सासरे म्हणाले, आणि परतताना जुन्या माशाला कचऱ्याच्या गाडीत निरोप देऊन आले.

संध्याकाळी फोन आला. “बाबा, मासा कसा आहे?”

सासऱ्यांनी आवाज खणखणीत ठेवला. “एकदम मजेत! मघापासून पोहतोय.”

“पोहतोय?” सूनबाई किंचाळली. “अहो बाबा, मेलेला मासा समुद्राच्या तळाशी कसा कुजतो आणि त्यातलं काय टिकतं, हाच तर माझा विषय आहे. दोन महिने कुजवत होते मी त्याला.”

सासऱ्यांनी टाकीकडे पाहिलं. नवा मासा काचेला तोंड लावून त्यांच्याचकडे बघत होता. दोघांपैकी कुणाचंच आता काही खरं नव्हतं.