नववं चित्र

“हुबेहूब,” बाई म्हणाल्या आणि लगेच चित्र कागदात गुंडाळू लागल्या.

“हनुवटी जरा पुढे आलीय का, ताई?” पेन्सिलमास्तरांनी खोकला आवरत विचारलं.

“नाही. अशीच दिसत असेल ती. उद्याच्या पेपरात द्यायचंय. नवं चित्र पाहिलं की आमचे हे दोन घास नीट जेवतात.”

बाकीची गिऱ्हाइकं कानाच्या पाळीवरूनसुद्धा वाद घालत. बाईंनी आठ वर्षांत एकही खोट काढली नव्हती. दुःखानं माणूस चोखंदळ राहत नाही, असं मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांना बाईंची दया येई.

बाईंची एकुलती एक मुलगी पाच वर्षांची असताना नाहीशी झाली. दोन वर्षं शोधाशोध झाली, मग त्या तीन तास बसनं प्रवास करून मास्तरांकडे आल्या. फोटो पुढे ठेवून म्हणाल्या, “आता ती सात वर्षांची असेल. तशी काढून द्या.”

तेव्हा मास्तर लग्नाचे फोटो बघून रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढत आणि महिनाअखेर पोटाला चिमटा घेत. ते चित्र पेपरात छापून आलं आणि त्यांचं नशीब उघडलं. मग दरवर्षी नवं चित्र, वर्षानं वाढलेलं. पोलिसांनी ते भिंतींवर डकवलं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. यांच्या पेन्सिलीला पुढचा काळ दिसतो, असं कुणीसं लिहिलं.

काळबिळ काही दिसत नव्हता. मास्तरांना मनानं चेहरा काढताच येत नसे, माणूस समोर बसलेला लागे. त्या पहिल्या वेळी समोर बसली होती त्यांची स्वतःची आईविना पोर, तीही सात वर्षांची. फोटोतले कुरळे केस आणि डाव्या डोळ्याखालचा तीळ त्यांनी घेतला, बाकी सगळी आपली पोर काढली. पुढेही तेच. आधी फिकट पिवळा, त्यावर गुलाबी, मग तपकिरीचे बारीक बारीक थर, आणि सगळ्यात शेवटी तीळ. बाई यायच्या त्या दिवशी पोरीनं आतल्या खोलीतून बाहेर यायचं नाही, असा घरचा नियम होता.

एकदा एका हवालदारानं पोरीला शाळेच्या फाटकातून ‘सापडली, सापडली’ करत घरी आणलं होतं. मास्तर म्हणाले, “अहो, चित्रकार सगळ्या जगाला आपल्याच घरचं नाक वाटत सुटतो.” हवालदार चहा पिऊन हसत हसत गेला.

बाई बस गाठायला निघाल्या, तशी पोर बाहेर आली. तिच्या डाव्या डोळ्याखाली आता खरा तीळ होता. मास्तरांनी तो सुट्टीत गोंदवून आणला होता.

“मी नाही जाणार,” ती म्हणाली. “ती माझी आई नाही.”

“तुला आई नाहीच. आता बापही राहणार नाही. डॉक्टर दोन महिने म्हणालेत, तेही माझं मन राखायला. मागं कोण आहे तुला? आश्रमात जाशील?”

पोरीनं खोलीभर नजर फिरवली. ना काका, ना मावशी, भाड्याची खोली आणि साठ पेन्सिली.

“तिथं घर आहे,” मास्तर म्हणाले. “डोळ्यांत प्राण आणून वाट बघणारी दोन माणसं आहेत. त्यांना मुलगी मिळेल, तुला आईबाप.” त्यांनी तिच्या हातात पाकीट दिलं. “मी गेल्यावर हे त्यांना द्यायचं.”

पोरीनं तिथंच ते उघडून वाचलं. मास्तरांच्या वळणदार अक्षरात दोनच ओळी होत्या. ‘तुमची मुलगी मीच पळवून नेली होती. चित्रं हुबेहूब यायची ती म्हणूनच.’

“बाबा! लोक तुमच्या नावानं थुंकतील.”

“थुंकू देत. मी कुठे असणार आहे पुसायला?” मास्तर हसले आणि हसता हसता बराच वेळ खोकत राहिले.

पोरीला रडू आवरेना. प्रदर्शनातल्या बक्षिसाचा कागद भिंतीवर होता आणि बाबा रोज सकाळी तो फडक्यानं पुसत, हे तिला माहीत होतं. आयुष्यात मिळवलेलं तेवढंच नाव ते तिच्यासाठी मातीत घालत होते.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर गेले. दहाव्या दिवशी पोरीनं केस कुरळे करून घेतले आणि बस पकडली.

दार बाईंच्या यजमानांनी उघडलं. पाकीट पुढे करायची वेळच आली नाही. नऊ चित्रं पाठ असलेला तो माणूस उंबऱ्यातच खाली बसला आणि पोरीला छातीशी धरून लहान मुलासारखा रडू लागला.

“अगं, बाहेर ये! बघ, बघ कोण आलंय!”

बाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. बाबांनी शिकवलं होतं तसं पोर म्हणाली, “आई, मी आले.”

बाई तिथंच थांबल्या. त्यांनी केस पाहिले. मग तीळ पाहिला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“धसका बसलाय तिला,” यजमान पोरीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले. “फार सोसलंय गं तिनं. जरा वेळ दे.”

पोरीला त्यांची माया लागली. असं घट्ट धरणारं कुणी आता पुन्हा भेटणार नाही, असं वाटून ती त्यांना बिलगली. इथं राहायचं, या माणसाला कधी दुखवायचं नाही, असं तिनं मनोमन ठरवलं.

बाई वळल्या आणि मागच्या दारानं परसात गेल्या. यजमानांच्या खांद्यावरून, उघड्या दारातून पोरीला त्या दिसत होत्या. पाण्याच्या टाकीमागची फरशी त्यांनी ओढून बाजूला केली, गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागल्या.