पाटीवरचं नाव

शाळा लांब, म्हणून माझी नात नवाल घरीच शिकायची. मदतीला कैरोच्या बाईंचा ऑनलाइन वर्ग असे. "घरातल्या बायकांचा आवाज बाहेर गेला, की वर्ग बंद!" माझ्या मुलानं, शहातानं, बजावलेलं. मी नवालमागे मुकाट मुलुखियाची पानं निवडत बसायचे. हात भाजीत, डोळे अक्षरांवर. एकदा बाई म्हणाल्या, "पाटीवर आजीचं नाव लिहा." नवालनं लिहिलं, 'उम्म शहाता'. "अगं, ही झाली शहाताची आई. तिचं स्वतःचं नाव?" नवालनं दारातल्या बापाकडे पाहिलं. "आईचं नाव चारचौघांत घेतात होय गं?" तो खेकसला. मी पाटी ओढून लिहिलं, 'बहिया'. शहाता पांढराफटक पडला. "आई, तुला लिहिता येतं?" मी ओठांवर बोट ठेवलं; माझा आवाज बाहेर जायचा नव्हता ना! तो संगणकाकडे झेपावला; नवाल किंचाळली, "बाबा, बंद नको!" त्यानं माझ्या हातातली पाटी घेऊन कॅमेऱ्यासमोर धरली. "बहिया," तो अडखळला. "माझी आई."