निळा पंजा

शेजारचा ऑर्विल मेला आणि त्याचं जुनं, उभं, लोखंड कापायचं मिलिंग मशीन टोलीडोतल्या माझ्या गॅरेजात आलं. काय दशा करून ठेवली होती त्याची! गाढवाला गुळाची चव काय?

मशीनचं लोखंडी टेबल सपाट करायचं तर एका अगदी सपाट लोखंडी पाट्याला निळा रंग लावून तो टेबलावर घासतात. जिथे उंचवटा असेल तिथे निळं उमटतं, तेवढंच खरवडायचं. पहिल्याच खेपेला डाव्या हाताचा अख्खा पंजा उमटला. फक्त करंगळीशेजारचं बोट नव्हतं.

अंगठी घालून मशीन चालवलं असणार बावळटाने, ती अडकून बोट गेलं! अशांची बोटं जायलाच हवीत. मी अंगठी आधी दाराजवळच्या खिळ्याला अडकवतो, मगच कामाला हात लावतो.

खरवडून पुन्हा रंग घासला. पंजा तिथेच.

दुपारी ऑर्विलची बायको व्हर्ना केक घेऊन आली, तेव्हा मी विचारलं, "तुझ्या नवऱ्याचं बोट कधी तुटलं गं?"

"काहीतरीच काय, क्लाइड! शवपेटीत त्याचे हात मीच जुळवून ठेवले. सगळी बोटं जागच्या जागी होती."

"मग हा पंजा कुठल्या गाढवाचा?"

तिला दाखवायला मी माझा डावा हात त्या निळ्यावर टेकवला. शाळेत असताना मोडून वाकडी झालेली माझी करंगळी त्या निळ्या, वाकड्या करंगळीवर नेमकी बसली.

व्हर्नाने वाकून माझ्या हाताकडे पाहिलं.

"अरे, तू अंगठी घालून काम करतोस?"

मी दाराकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. अंगठी माझ्या बोटात होती आणि काही केल्या निघत नव्हती.