खिडकीतली नवरी

त्या दिवशी लॉखच्या, म्हणजे आमच्या स्कॉटलंडातल्या तळ्याच्या, पाण्यावर असं धुकं उतरलं होतं, की मला माझ्याच बसचं नाक दिसेना. अंदाजानेच काठाला गाडी लावली. जहाजावरून एका दिवसासाठी आलेले चाळीस पाहुणे किल्ला बघायला खाली उतरले. आमची गाईड इशबेल काही डगमगणाऱ्यातली नव्हे. तिने ठामपणे पाण्याकडे बोट केलं.

"तो बघा बुरूज! त्या वरच्या खिडकीत एक नवरी लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत रडत बसायची. अजूनही बसते."

सगळ्यांनी भराभर धुक्याचे फोटो काढले.

"अगं बये, किल्ला आपल्या मागे आहे," मी कुजबुजलो.

"टॉर्किल, तू आपली बस चालव. पाचला जहाज सुटतं, धुकं विरेपर्यंत थांबू का? आणि किल्ला कुठे का असेना, नवरीची गोष्ट तर खरी आहे ना!"

संध्याकाळी बंदरावर बसमधून सगळ्यात शेवटी कॅनडाची एक म्हातारी उतरली.

"पोरी, मी मूळची त्या काठावरचीच. किल्ला आपल्या पाठीमागे होता."

इशबेल लाल झाली. "मग तेव्हाच का नाही बोललात, आजी?"

"कशाला बोलू? तिथे आमचं चहाचं दुकान होतं. धुकं पडलं की आमची आईही असंच कुठेही बोट करून पाहुण्यांना किल्ला दाखवायची." म्हातारीने तिचा गाल थोपटला. "नवरी मात्र अगदी बरोबर सांगितलीस हो. पाहुण्यांनी चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत थांबावं म्हणून आईनेच बसवली होती तिला त्या खिडकीत."