बिननावाचा गोल

अश्वजितनं तिसऱ्यांदा एंटर मारलं, अन् स्क्रीनवर तो रिकामा गोल तिसऱ्यांदा तिथंच येऊन बसला. आईचा गोल, बाबांचा गोल, रिनाताईचा, त्याचा स्वतःचा. अन् रिनाताईच्या अन् त्याच्या मधात हा पाचवा. आत नावच नाई. घरात माणसं चार.

"अबे, भूत हाय तुह्या घरात," अकरम म्हणाला. त्याचं बसस्टँडजवळ सायबर कॅफे होतं, पण दुपारचं गिऱ्हाईक नसलं की तो इथी फॅक्टरीच्या कॉलनीत अश्वजितकडं येऊन बसे.

अश्वजितला हसू आलं नाई. जगभरातल्या पोरापोरींनी मिळून फुकटात लिहिलेली ती लायब्ररी; पुस्तकांची नाई, प्रोग्रामात वापरायची. तिला बारकी-बारकी वाक्यं द्यायची, कमला ही रिनाची आई, रिना ही अश्वजितची बहीण, की ती सगळ्यांचे धागे जोडून जाळं काढून दाखवते. मराठीतला नमुना तिच्यात कोणीच दिला नव्हता. अश्वजित देणार होता, आपल्याच घराचा, अन् आजच. पसंत पडला की बनवणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागणार होतं, भद्रावतीसारख्या कोळशाच्या खाणींच्या गावातल्या पोराचं. अन् हा गोल काही जाऊन नाई राह्यला.

"लायब्ररी बनवणाऱ्या त्या फिनलंडवाल्याचं उत्तर आलं सकाळी," तो म्हणाला. "लायब्ररी चुकली नाई म्हणते. माह्याच कागदात लिहिलं हाय म्हणते, इथी कोणीतरी हाय म्हणून. नाव माहीत नाई म्हणून माणूसच नाई, असं ती धरत नाई."

"मंग कागदातूनच काढून टाक ना त्याले. किस्सा खतम."

पेटीतून काढलेला कागदांचा गठ्ठा बाजूलाच होता. राशन कार्ड, बाबांचं फॅक्टरीचं दवाखान्याचं कार्ड, सगळं त्यानं शनिवारी एका दमात, न बघता टाईप केलं होतं. आता एकेक बघत गेला तर खाली नर्सबाईचं लसीचं गुलाबी कार्ड निघालं. साल १९८४. कमला वामनराव. मूल दुसरं, मुलगा, वय दोन महिने. नाव, अन् पुढं कोरी रेघ.

अश्वजित जन्मला शहाऐंशीत.

"हे कार्ड कुठी भेटलं तुले?" मागं कमलाबाई उभी होती. हात ओलेच होते.

अश्वजितनं कार्ड पुढं केलं. तिनं कार्ड घेतलं नाई, नुसतं वाचलं. मंग स्क्रीनकडं बघितलं, पाच गोल मोजले, अन् खुर्चीच्या कडेवर टेकली.

"दोन महिने नऊ दिवस," ती म्हणाली. "पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला."

अश्वजितनं ते लिहिलं. मृत्यू, १९८४.

"नाव टाकता येते का याच्यात?"

"येते, आई."

"मंग टाक. अश्वजित."

अकरम अडखळला. "काकू, ते तं याचं नाव हाय."

"त्याचंच होतं. याच्या बाबानं भंतेजीकडून ठरवून आणलं होतं. रविवारी विहारात नाव ठेवाचं होतं, तं रविवार आलाच नाई."

अश्वजितनं नाव लिहिलं. एंटर मारलं. अन् रिकामा गोल आपल्या जागेवरून हलला, सरकत-सरकत आला अन् त्याच्या गोलावर जाऊन बसला. गोल चारच उरले. नाव एक तर माणूस एक, हा नियम त्यानंच लिहिला होता, बाबा तीन कागदांत तीनदा आले म्हणून. आता त्याच्या नावाखाली ओळी दिसत होत्या: जन्म १९८४. जन्म १९८६. मृत्यू १९८४.

त्यानं कीबोर्ड जवळ ओढला. "हे चुकलं. वेगळे करतो दोघं."

"काऊन?" कमलाबाईनं विचारलं. अगदी साधं.

"आई, तो वेगळा, मी वेगळा. तू मले कधी सांगतलं बी नाई."

"सांगू काय तुले? तूच तं होता तो." तिनं बाहेरच्या दाराकडं नजर टाकली. बाबांची शिफ्ट सुटायला अर्धा तास होता. "तुह्या बाबाले चालत नाई असलं. मेला माणूस वापस येत नाई म्हणते, बाबासाहेबांनी काय सांगतलं विसरली का म्हणते. म्हणून वीस वर्सं मी तोंड नाई उघडलं. आता हे मशीन बी तेच म्हणते तं राहू दे ना, बाबू."

अकरम उठला, चपला शोधू लागला.

अश्वजितची बोटं कीबोर्डवर तशीच. वेगळं करायचं तर एकाच्या नावापुढं आकडा लावावा लागणार होता. त्यानं आधी त्या पोराच्या ओळीवर कर्सर नेला. दोन महिने नऊ दिवसांचं पोर. तिथं काही लिहवेना. मंग तो स्वतःच्या ओळीवर आला अन् आपल्या नावापुढं २ लिहिला.

दोन गोल सुटे झाले.

कमलाबाई बघत राह्यली. मंग पदर हातात घेऊन पुढं वाकली अन् स्क्रीनच्या काचेवरची कोळशाची धूळ पुसली, पयल्या अश्वजितच्या गोलापुरती.