ट्रिमरची केबल

"फोन सापडला नाही," असं संगणकाने चौथ्यांदा सांगितलं, आणि थोरल्या सुनेने चौथ्यांदा केबल उपसून पुन्हा खुपसली.

साडेतीन वाजले होते. चारला गाडी येणार होती. सासूबाईंची बॅग दाराशी भरून ठेवलेली. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. त्यांना काय हवंय ते कुणालाच कळत नाही म्हणून धाकट्या मुलाने त्यांची सोय आजारी म्हाताऱ्यांच्या केंद्रात लावली होती. थोरला 'तुम्ही ठरवाल ते' म्हणून कामावर निघून गेला होता.

कळत नाही ना, मग कळेल असं करते, म्हणत सुनेने महिनाभर डोळे फोडून एक अ‍ॅप लिहिलं होतं. मोठाली बटणं, दाबलं की फोन बोलणार. संगणकाच्या पडद्यावरच्या खोट्या फोनमध्ये ते झकास चालत होतं. आता सासूबाईंच्या खऱ्या फोनमध्ये उतरवायचं, तर संगणकाला तो फोनच दिसेना.

"वहिनी, सोडा आता," दीर म्हणाला. तो संगणकाच्या कंपनीत साहेब होता. घरातला पंखा कुरकुरला तरी त्यालाच विचारायची रीत होती. "फोनमधला डेव्हलपर मोड चालू केलात?"

"केला. सात वेळा टिचक्या मारून."

"संगणकातला फोनचा ड्रायव्हर?"

"काढून पुन्हा टाकला. पोर्टही बदलला. केबलच खराब असेल, भाऊजी."

"केबल मीच दिलीय! फोन चार्ज होतोय, म्हणजे केबल ठणठणीत आहे. उगाच हट्ट कशाला? तुमचं तरी कुठे पटतं आईशी?"

हे मात्र खरं होतं. नवे पडदे? नाही. नोकरी? नाही. माहेरी चार दिवस? नाही म्हणजे नाही. बावीस वर्षं सासूबाईंचं हेच चाललं होतं. पण म्हणून त्यांना परक्या खाटेवर, घोटभर पाणीसुद्धा मागता येत नसताना, टाकून यायचं? सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. भांडण दोघींचं होतं, त्याचा निकाल तिसऱ्याने लावायचं काही कारण नव्हतं.

तिने फोनकडे नीट पाहिलं. चार्जिंगची खूण होती. पण संगणकाला जोडल्यावर फोन 'फाइल पाठवायच्या का' असं विचारतो, ते तो विचारतच नव्हता. वीज येत होती, बाकी काहीच जात-येत नव्हतं.

"भाऊजी, ही केबल कशाबरोबर आली होती?"

"माझ्या ट्रिमरबरोबर. का?"

"ट्रिमर दाढी करतो, संगणकाशी गप्पा मारत नाही. हिच्यात नुसत्या विजेच्या तारा आहेत."

ती उठली आणि भिंतीशी चार्ज होत असलेल्या दिराच्या फोनची केबल सरळ ओढून काढली.

"अहो, मला फोन यायचेत!"

"येऊ देत."

नवी केबल लागताच सासूबाईंच्या फोनने विचारलं, या संगणकाला परवानगी द्यायची का? तिने 'हो' दाबलं. संगणकाच्या यादीत फोन दिसला. खाली हॉर्न वाजला तेव्हा अ‍ॅप उतरत होतं आणि दीर बॅग उचलत होता.

ते उतरताच तिने फोन सासूबाईंच्या डाव्या हाताशी धरला. दीर वाकला आणि लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाला, "आई, गाडी आलीय. जायचं ना आपण?"

सासूबाईंचं बोट 'पाणी'वरून पुढे गेलं, 'औषध' ओलांडलं, 'दिवा' ओलांडला. शेवटच्या बटणावर थांबलं.

"नाही म्हणजे नाही!"

फोनमधला आवाज सुनेचा होता, तिनेच भरलेला. तोरा मात्र बावीस वर्षं ऐकलेला, जसाच्या तसा उचललेला. दिराच्या हातातली बॅग खाली आली.

सासूबाईंनी आधी सुनेकडे डोळे वटारून पाहिलं. मग तेच बटण पुन्हा दाबलं, आणि खालचा हॉर्न थांबेपर्यंत दाबत राहिल्या.